मुठीतल्या अक्षता

सर ट्राममधून नेहमी एक स्टॉप आधी उतरायचे. ट्राम रिकामी असली तरी. "समजा, आपल्या स्टॉपला दारात गर्दी झाली आणि उतरताच आलं नाही, तर?" असं म्हणत उतरायचे आणि उरलेला रस्ता तरातरा चालायचे. दूध उतू जाईल म्हणून उकळी फुटायच्या आधीच खाली घ्यायचे, त्यामुळं त्यांच्याकडचा चहा कायम कच्च्या दुधाचा. आभाळात एवढासा ढग दिसला की यांची छत्री उघडलीच. गाण्याच्या बैठकीत गवयाची तान संपायच्या आत यांची "वाहवा" येऊन पडायची, आणि पुढच्या रांगेतली माणसं मागं वळून बघायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण सर तर कधी नवराही झाले नव्हते. आणि असा हा माणूस आम्हाला शिकवत काय होता, तर शेवटपर्यंत थांबायला.

फ्रेंच शिकवायचे ते. गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत. आम्ही चार-पाच जण सतरंजीवर बसायचो. मी लालबागहून यायचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहणाऱ्या माणसाची पोर फ्रेंच शिकते म्हणून आमच्या चाळीत मला "मडम" म्हणायचे. नळावरसुद्धा: "मडम, तुमची बादली भरली हो." मला राग यायचा, आणि खोटं कशाला बोलू, आतून बरंही वाटायचं.

पण माझं फ्रेंच हौसेचं नव्हतं, पोटापाण्याचं होतं. बाबांच्या छातीत कापूस बसला होता. दोन जिने चढले की कठडा धरून उभे राहायचे आणि आम्हाला दाखवायचे की खाली कुणाशी तरी बोलतोय. गिरणी त्यांना फार दिवस झेपणार नाही हे घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणीच नव्हतं. तेवढ्यात मामानं गावाकडचं एक स्थळ आणलं. मोठं घर, कलमांची बाग, मुलाची पहिली बायको गेलेली. मला तिथं जायचं नव्हतं. कॉलेजच्या नोटीसबोर्डावर मी वाचलं होतं की फोर्टातल्या एका फ्रेंच जहाज कंपनीला काउंटरवर आणि टेलिफोनवर बसायला मुलगी हवी आहे. इंग्रजी-मराठी येणारी, आणि फ्रेंच नीट बोलता येणारी. परीक्षा तोंडी. साहेब स्वतः घेणार.

बाबा म्हणाले, "नोकरी लागली तर तुझ्या मामाला मी सांगतो काय ते. नाही लागली तर बाय माझे, मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. आणि सरांना हे सांगितलं तेव्हा माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा उतरला.

"समजा, लागली नाही, तर?" ते म्हणाले.

"सर, तुम्ही तरी असं बोलू नका!"

"नाही नाही. लागेल. पण समजा..."

आईनं एकदा हे "समजा" ऐकलं होतं. घरी येऊन म्हणाली, "शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाक आग लागली! तसलो तुझो मास्तर."

सरांचा एक ठाम सिद्धांत होता. मराठी माणसाला फ्रेंच येतंच, त्याला फक्त ते ठाऊक नाही. हे सिद्ध करायला ते मेणबत्ती पेटवायचे. वर्गात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली एक मुलगी होती, तिला ज्योतीसमोर "पारी" म्हणायला लावायचे. ती इंग्रजी वळणानं फुंकरून म्हणायची आणि ज्योत विझायला यायची. मग मला म्हणायला लावायचे. ज्योत जागची हलायची नाही. "बघा! हिच्या प-त-क मध्ये वारा नाही. फ्रेंच माणसाच्याही नसतो," असं म्हणून ते एवढे खूश व्हायचे, जणू मी पॅरिसलाच जन्मले. आणि लगेच मेणबत्ती विझवून टाकायचे. समजा, सतरंजी पेटली, तर?

खरी अडचण पुढं होती. फ्रेंच शब्द अक्षराअक्षरानं सारखा चालतो. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आणि वजन पडतं ते अगदी शेवटच्या अक्षरावर. सुट्या शब्दात हे कुणालाही जमतं. गोची होते ती दोन-तीन शब्द जोडून झालेल्या नामात. बटाट्याला ते लोक जमिनीचं सफरचंद म्हणतात, पॉम-द-तेर. नुसतं सफरचंद असताना "पॉम" तोऱ्यात असतो. जोडला गेला की त्याचं वजन गेलं, सगळं "तेर"ला. आणि तोडायचं कुठं, तेही लिहिल्यासारखं नाही. इंद्रधनुष्य लिहिताना आर्क, आं, स्येल असे तीन शब्द. बोलताना मात्र आर्-कां-स्येल. तो "क" आपलं घर सोडून पुढच्या अक्षराकडे राहायला जातो.

"क सासरी गेला," सर म्हणायचे.

हंडीला ते म्हणतात "पो". तिच्या शेवटी एक "त" लिहितात, पण तो तोंडातून निघत नाही. तीच हंडी चुलीवरच्या रश्श्याच्या नावात आली की पो-तो-फ. मुका "त" पुढच्या अक्षरात जाऊन बोलायला लागतो. सर म्हणाले, "काही मुली असतात तशा. माहेरी तोंड उघडत नाहीत, सासरी जाऊन खणखणीत बोलतात." सगळे हसले. मला मामानं आणलेलं ते मोठं घर आठवलं आणि हसू आलं नाही.

मी विचारलं, "सर, पण मग पहिल्या शब्दाजवळ काय राहतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अर्थ राहतो," ते म्हणाले. "वजन जातं. अर्थ राहतो."

आम्ही सगळे चुकायचो ते एकाच जागी. पहिला शब्द संपला की तिथंच जोर देऊन मोकळे. तेव्हा सरांनी ती त्यांची युक्ती काढली. ती चाळीत इतकी गाजली की शेजारचे लोक दारात उभे राहून बघायचे. त्यांनी एका वाटीत कुंकू लावलेले तांदूळ आणले आणि प्रत्येकाच्या हातात चिमूट-चिमूट ठेवले.

"लग्नात काय होतं?" ते म्हणाले. "भटजी 'शुभमंगल' म्हणून श्वास घेतात. तेवढ्यात निम्म्या मांडवाच्या अक्षता पडून जातात! 'सावधान' यायचंच असतं अजून. प्रत्येक लग्नात. पिढ्यान्‌पिढ्या. कुणी सुधारत नाही. जोडशब्दाचं तेच आहे. पहिला शब्द म्हणजे शुभमंगल. फसायचं नाही. हात रोखायचा. सावधानावर अक्षता."

मग ते शब्द म्हणायचे आणि आम्ही वजनाच्या अक्षरावर अक्षता टाकायच्या. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. शू-फ्लर, म्हणजे फ्लॉवर. पोर्-त-मो-ने, म्हणजे पाकीट. बँकेत कारकुनी करणारे एक गृहस्थ यायचे, त्यांच्या "पोर्"लाच पडायच्या. कॉन्व्हेंटवालीच्याही तिथंच. माझ्या कधी मध्ये, कधी शेवटी.

आणि सर्वांच्या आधी पडायच्या त्या सरांच्या. स्वतः शब्द म्हणताहेत, कुठं थांबायचं ते स्वतः सांगताहेत, आणि तोंड तिसऱ्या अक्षरावर असताना हाताची मूठ पहिल्यालाच सुटलेली! सतरंजीवर त्यांच्यासमोर दाण्यांचा सडा. आम्ही तोंडात पदर नि रुमाल कोंबून हसायचो. सर खाली बघायचे, "हात ऐकत नाही हो," म्हणायचे आणि एकेक दाणा वेचून वाटीत टाकायचे. तांदूळ तेव्हा सुखासुखी मिळत नव्हते. मी घरी सांगितलं तर आई कपाळावर हात मारून म्हणाली, "गो, हो मास्तर तांदूळ कित्याक उडयता? खुळो मा तो?"

खुळे नव्हते. धसका घेतलेला माणूस होता. तरुणपणी ते त्याच जहाज कंपनीत माल खात्यात कारकून होते. स्वतःच्या हिमतीवर फ्रेंच शिकले आणि वरच्या जागेसाठी साहेबासमोर तोंडी परीक्षेला बसले. "मी पहिल्याच शब्दाला सगळा जीव देऊन टाकला," एवढंच ते मला म्हणाले होते. "शेवटाला काही उरलंच नाही. साहेब वाट बघत राहिला." पुढं त्यांनी ती नोकरीही सोडली. मार्सेलला जाणाऱ्या बोटी त्यांनी धक्क्यावरून पुष्कळ बघितल्या, चढले कधीच नाहीत.

त्या वर्षांत मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावरून गाव पेटलेलं होतं. सरांच्या काळजीला तर सुगीचे दिवस आले. ते म्हणायचे, समजा ट्राम बंद पडली, आणि ट्राम बंद पडायची. समजा हरताळ झाला, आणि दुकानांच्या फळ्या लागायच्या. समजा अश्रुधूर सोडला! तोही सोडायचे. आमच्या चाळीतली पोरं मोर्चाला जायची आणि आया गॅलरीत उभ्या राहून डोकी मोजायच्या. परळला गोळी चालली त्या संध्याकाळी शेजारचा मुलगा घरी यायला उशीर झाला तर त्याची आई जिन्यातच बसून राहिली होती. कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. अश्रुधुराच्या धास्तीनं सर कोटाच्या एका खिशात मेणकापडात गुंडाळलेला ओला रुमाल ठेवायचे आणि दुसऱ्यात कांदा.

माझ्या परीक्षेच्या दिवशी ते सकाळी सातलाच आमच्या दारात हजर. परीक्षा अकराला होती.

"समजा, ट्राम मिळाली नाही, तर?"

मिळाली, पण भायखळ्यापर्यंतच. पुढं रस्त्यावर दगड पडले होते आणि ट्राम जागच्या जागी उभ्या होत्या. कंडक्टर म्हणाला, "उतरा, उतरा, पुढं कायपण खरं नाही." सर म्हणाले, "बोलू नकोस. घसा जपून ठेव. चाल." आम्ही बंद दुकानांच्या कडेकडेनं चालत निघालो. रस्ता एवढा सुनसान की माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटत होता.

बाजाराच्या चौकात पोलिसांनी अडवलं. एक मिशाळ हवालदार सरांचे खिसे तपासायला लागला. एकातून ओला रुमाल निघाला. दुसऱ्यातून कांदा.

"अस्सं! म्हणजे मोर्चाला."

"नाही हो, नाही," सर म्हणाले.

मग त्यानं आतल्या खिशात हात घातला आणि मूठ बाहेर काढली तर कुंकवाचे तांदूळ. त्यानं अक्षतांकडे बघितलं, मग सरांच्या पांढऱ्या केसांकडे, मग माझ्याकडे. मी आईची बरी साडी नेसलेली.

"काय रे म्हाताऱ्या, पोरगी पळवून नेतोस काय?"

माझ्या डोक्यात सणक गेली. "ओ हवालदार, तोंड सांभाळून! माझे सर आहेत ते. मी नोकरीच्या परीक्षेला चाललेय, आणि ती नाही मिळाली तर माझे बाबा गिरणीत खोकून खोकून मरतील. अडवायचंच तर अडवा, पण मग माझ्या आईला येऊन तुम्ही सांगा!"

"गिरणी कुठली?" हवालदारानं विचारलं. मी सांगितली. "माझा भाऊ पण साच्यावरच हाय," तो म्हणाला. अक्षता त्यानं सांभाळून, एक दाणा न सांडता, सरांच्या खिशात परत ओतल्या. "पण परीक्षेला अक्षता कशाला?"

"सावधानासाठी," सर म्हणाले.

"या गल्लीतनं जावा. मोठ्या रस्त्यानं जाऊ नका."

कंपनीचा दरवाजा अर्धा लावलेला होता. आज लवकर बंद करणार होते. टायपिस्ट बाई म्हणाल्या, "अगं, तू आलीस? कुणी येईल असं साहेबांना वाटलंच नव्हतं." साहेबांच्या खोलीला अर्ध्या उंचीचा झुलता दरवाजा होता, वरून मोकळा, खालून मोकळा. सर त्या दारासमोरच्या बाकावर बसले. याच दारातून ते कधीकाळी पडल्या तोंडानं बाहेर आले होते. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

साहेब घाईत होता. चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग त्यानं कंपनीचं एक छापील पत्रक पुढं केलं. मोठ्यानं वाचा. मार्सेलला बोटीतून उतरल्यावर प्रवाशांनी पुढं कसं जायचं, त्याची माहिती होती. मी वाचायला लागले. समोर दाराच्या खालून मला सरांचे बूट दिसत होते, आणि गुडघ्यावर ठेवलेली त्यांची उजवी मूठ.

रेल्वेला फ्रेंचमध्ये लोखंडाची वाट म्हणतात. श-मँ-द-फेर. नुसतं श-मँ म्हटलं तर "वाट", तोही पुरा शब्द. फसायची जागा तीच. मी म्हटलं, श, मँ, द, आणि बाहेर धाडकन आवाज झाला. खिडकीची तावदानं थरथरली. टायपिस्ट बाई "अगं बाई!" करून उठल्या. रस्त्यावर माणसं धावत होती, घोषणा देत होती. मी 'द'वरच थांबले.

साहेबानं मान वर केली. तो वाट बघत होता.

मला वाटलं, संपलं. आता सरांचे दाणे पडल्याचा आवाज येणार. त्यांचा हात तर घरात बसूनही थांबत नाही, तो या धडाक्यात काय थांबणार! आणि दाणे पडले की मी रडेन, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी दाराखालून बघितलं.

मूठ मिटलेली होती. गुडघा लटलट हलत होता, मनगट हलत होतं, पण मूठ मिटलेली होती. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मी त्या मुठीकडे बघत श्वास घेतला, पोटापासून घेतला, आणि म्हटलं, "फेर."

फरशीवर दाणे सांडले. सगळे एकदम.

"काय पडलं?" साहेबानं इंग्रजीत विचारलं. त्याला वाटलं छताचा गिलावा.

टायपिस्ट बाईंनी वाकून बघितलं. "तांदूळ, साहेब."

साहेब दारावरून डोकावला. सर खाली बसून दाणे वेचत होते. ते धडपडत उठले. साहेबानं त्यांना फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं, साधंच, तुम्हीच शिकवलंत का वगैरे. सरांनी फक्त मान हलवली. मीच पुढं होऊन म्हटलं, "हो, हेच माझे सर."

नोकरी मला लागली. साहेबानं तिथंच सांगितलं. बाहेर गल्लीत आल्यावर मी सरांच्या पायांना हात लावायला वाकले तर ते दचकून मागं सरले. मग म्हणाले, "शेवट चांगला होता. पण मधल्या 'द'वर उगीच रेंगाळलीस."

"सर! बाहेर एवढा बार झाला!"

"हो?" ते म्हणाले. "मला नाही ऐकू आला."

ज्या माणसाला चाळीच्या कुठल्याही बिऱ्हाडातली कडी सरकलेली ऐकू यायची, त्याला तो ऐकू आला नव्हता. त्या रात्री बाबांनी मामाला नकार कळवायचं ठरवलं. वर्षभरातच ते गिरणीतून सुटले, आणि पुढं कितीतरी वर्षं गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे.

माझं लग्न झालं ते महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर. माझ्या पसंतीनं, दादरच्या एका कार्यालयात. सरांना पत्रिका द्यायला मी स्वतः गेले होते. ते फार थकले होते, चाळीचा जिना उतरणंही त्यांनी सोडून दिलं होतं. "बघतो," म्हणाले. "पण समजा, वाटेत काही झालं, तर? माझ्यासाठी थांबू नका." मी बरं म्हटलं, आणि तिथून बाहेर पडल्यापासून मला एकच घोर लागला. हळद लागताना, चुडा भरताना, मी सारखी आईला विचारत होते, "सर आले काय गो?" आई म्हणायची, "आधी नवरो येऊं दे मगे."

अंतरपाट धरला. नवरीनं वर बघायचं नसतं, मी पाटावर मान खाली घालून उभी. दाराकडे बघायची सोय नाही. भटजींनी घसा खाकरला, पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. अजून पहिली ओळही पुरी झाली नव्हती. "शुभमंगल" तर कुठल्या कुठं होतं.

माझ्या डोक्यावर चार दाणे पडले.

"कोण गो हो उतावळो?" मागून मावशी कुजबुजली. कुणीतरी फिसकन हसलं. मीही अंतरपाटाआड हसले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना.

सर आले होते.